‘पूर्वापार’ म्हणजे कधीपासून? गोडे यांचा दिवाळीवरचा निबंध आणि आमच्या घरची भाऊबीज

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य असं होतं : ‘मुळशी तालुक्यातील शेतकरी कुटुंबांत भाऊबीजेला बहिणीने माहेरी येण्याची परंपरा पूर्वापार चालत आलेली आहे.’ आमच्या गाइड मॅडमनी ‘पूर्वापार’ या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला. ‘कधीपासून?’

मला वाटलं, एखादा संदर्भ टाकला की हा गोल पुसला जाईल. संदर्भ शोधण्यात दोन महिने गेले. शेवटी कळलं की मुळात वाक्यच चुकलंय. निदान माझ्या स्वतःच्या घरापुरतं तरी ते साफ चुकीचं होतं. मी हिंजवडीची. आयटी पार्कमध्ये नोकरीला आलेली नाही, गावठाणातली. दरवर्षी भाऊबीज डोळ्यांसमोर होते. तरी चुकले.

सणांवर, घरातल्या रीतींवर, ‘लोकसंस्कृती’वर प्रबंध करू पाहणाऱ्या कुणालाही ही चूक होऊ शकते, म्हणून आज ती सविस्तर सांगते. ती सांगताना दोन लेखनांची थोडी चिकित्साही करायची आहे. एक, परशुराम कृष्ण गोडे यांचा दिवाळीच्या इतिहासावरचा निबंध, जो आपल्यापैकी फार कमी जण उघडतात. दुसरं, एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेलं परंपरांच्या निर्मितीवरचं पुस्तक, जे आपण सगळे उद्धृत करतो आणि बहुतेक जण पूर्ण वाचत नाही. (मीही वाचलं नव्हतं.)

गोडे यांनी काय केलं

गोडे (१८९१–१९६१) हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते. हस्तलिखितं सांभाळायची, त्यांच्या याद्या करायच्या, कुठल्या ग्रंथाचा काळ कोणता हे ठरवायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यातूनच त्यांना एक वेगळी सवय लागली. ग्रंथांचा काळ ठरवता ठरवता ते वस्तूंचा आणि सवयींचा काळ ठरवू लागले. जिलबी कधीपासून, शोभेची दारू कधीपासून, असे प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारले. १९४५ मध्ये संस्थेच्या ‘अ‍ॅनल्स’ या नियतकालिकाच्या २६व्या खंडात त्यांचा दिवाळीच्या इतिहासावरचा इंग्रजी निबंध आला. त्याच्या शीर्षकातच काळ दिलेला आहे : साधारण इसवी सन ५० ते १९४५.

निबंधाची पद्धत ऐकायला सोपी वाटते. दिवाळीचा किंवा दिव्यांच्या उत्सवाचा उल्लेख जिथे जिथे सापडेल तो घ्यायचा, त्या ग्रंथाचा काळ लिहायचा आणि सगळे उल्लेख काळानुसार लावायचे. कामसूत्रातली ‘यक्षरात्री’, दहाव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘यशस्तिलकचंपू’तली रंगवलेली घरं आणि दिवे, अकराव्या शतकातला अल्बेरूनी, पुढे मोगल आणि मराठे काळ. यात मोठा सिद्धांत शोधायला गेलात तर हात रिकामे राहतील.

पहिल्यांदा वाचताना मला कंटाळा आला, हे कबूल करते. वाटलं, ही तर यादी आहे. यात ‘विश्लेषण’ कुठंय? दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की माझ्या प्रकरणात जे नव्हतं तेच या यादीत आहे. गोडे प्रत्येक विधानाशेजारी ‘कधी’ आणि ‘कुणी सांगितलं’ हे लिहितात. ‘प्राचीन काळापासून’ असं म्हणून ते पुढे सटकत नाहीत.

एका पहाटेची उलटतपासणी

गोड्यांची रीत घरात वापरून पाहिली. नरकचतुर्दशीची पहाट घ्या. आमच्याकडे चारला उठवतात. उटणं, तेल, बंबातलं नव्हे तर आता गिझरचं पाणी, पायाखाली चिराटं फोडायचं (कोकणात त्याला करीट म्हणतात), मग फराळ, मग दिवाळी अंकावरून भांडण. सगळं मिळून आम्ही ‘आपली दिवाळी’ म्हणतो, आणि प्रबंधात तिला ‘पारंपरिक दिवाळी’ असं नाव पडतं.

आता तुकडे वेगळे करू.

आंघोळ आणि नवे कपडे हे अल्बेरूनीच्या वर्णनात आहेत. १०३० च्या सुमारास तो लिहितो की त्या दिवशी लोक स्नान करतात, चांगले कपडे घालतात, एकमेकांना विड्याची पानं आणि सुपारी देतात, रात्री ठिकठिकाणी खूप दिवे लावतात. कारण म्हणून तो बळीची कथा सांगतो : लक्ष्मी वर्षातून एकदा बळीला बंदिवासातून सोडवते. म्हणजे दिवाळीशी बळीचं नाव जोडलेलं आहे याला जवळजवळ हजार वर्षांचा लेखी पुरावा मिळाला. पण त्याच्याकडे हे सगळं कार्तिकाच्या पहिल्या दिवशी, अमावास्येला धरून आहे. आमच्या चतुर्दशीच्या पहाटेचा पुरावा म्हणून ते जसंच्या तसं उचलता येणार नाही.

फराळातला चिवडा घ्या. त्यातला शेंगदाणा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज येण्याआधी ती इथे नव्हती. म्हणजे आजचा चिवडा सोळाव्या शतकाच्या मागे नेताच येत नाही.

दिवाळी अंकाची तर जन्मतारीखच आपल्याकडे आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. आमच्या घरी तो यायला लागला माझ्या आईच्या लग्नानंतर, कारण तिच्या माहेरी यायचा.

मोती साबण टाटा ऑइल मिल्सचा. ती कंपनी १९९३ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. साबणाचा मालक बदलला, आमच्या न्हाणीघरात कुणाला पत्ताही लागला नाही. आजी अजून म्हणते, ‘मोतीशिवाय दिवाळीची आंघोळ कशी?’

आणि चिराटं? आजीला विचारलं, ‘का फोडायचं?’ ती म्हणाली, ‘नरकासुर मारला म्हणून.’ उत्तर इतकं झटकन आलं की मी विचारलं, ‘तुला कुणी सांगितलं?’ तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे कालनिर्णय होतं. कालनिर्णय सुरू झालं १९७३ मध्ये. आजीचं लग्न त्याआधीचं. तिच्या सासूने चिराटं फोडायला लावलं होतं ते कुठलीही कथा न सांगता. ‘फोड म्हटलं, फोडलं.’ कथा नंतर आली, छापून आली.

ही पद्धत इतकी कामाची आहे की प्रत्येक सणाच्या प्रकरणाआधी ती एकदा करून बघावी असं मी म्हणेन. एका पानाला दोन रकाने करा. डावीकडे तुकडा, उजवीकडे सर्वांत जुना पुरावा. तुमच्या लगेच लक्षात येईल की ‘परंपरा’ नावाच्या एका गोष्टीचं एकच वय नसतं. ती वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी भरलेल्या घरासारखी असते.

पण यादीत काय पकडलं जात नाही

इथवर गोड्यांची बाजू घेतली. आता हरकती सांगते. त्या तीन आहेत.

पहिली हरकत दोऱ्याबद्दल. यक्षरात्री, दीपोत्सव, अल्बेरूनीने ऐकलेलं नाव, आपली दिवाळी, हे सगळे मणी एका दोऱ्यात ओवले की एकच गोष्ट दोन हजार वर्षं चालत आली असं वाटायला लागतं. पण दोरा संशोधकाचा असतो. कामसूत्रातली यक्षरात्री आणि आमच्या गावठाणातली अमावास्या यांना एकाच शीर्षकाखाली ठेवणं हाच एक दावा आहे, आणि तो वेगळा सिद्ध करावा लागतो. नुसता क्रम लावला म्हणून सातत्य सिद्ध होत नाही. परीक्षेत हा प्रश्न आला तर हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसरी हरकत, बोलतंय कोण? अल्बेरूनीनेच सणांच्या प्रकरणाच्या सुरुवातीला नोंदवलंय की हिंदूंचे बहुतेक सण स्त्रिया आणि मुलंच साजरे करतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसालाही दिसलं होतं की सणाचं काम कोण करतं. पण पुढच्या यादीत बोलतात ते कवी, टीकाकार, दरबारी लेखक, प्रवासी. चूल पेटवणारी कुणी बोलत नाही. यात गोड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर हस्तलिखितं होती आणि हस्तलिखितांत जे आहे तेच त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. पण आपल्यासमोर माणसं आहेत. तरी आपण त्यांच्याकडून ग्रंथातलंच उत्तर काढून घेतो, तेव्हा दोष आपला.

वेगळी वाट शक्य होती हे दाखवायला जोतीराव फुले पुरेसे आहेत. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी, बळीचं राज्य परत येऊ दे या बायकांच्या तोंडच्या इच्छेकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहिलं. त्यावरून त्यांनी मांडलेल्या इतिहासावर वाद घालता येईल, घातलाही गेला आहे. पण घरात ओवाळताना जे बोललं जातं तेही साधन आहे, हे त्यांनी गोड्यांच्या ७२ वर्षं आधी ओळखलं होतं.

तिसरी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लेखी उल्लेख हा नेहमी घडलेल्या गोष्टीचा असतो. जे बंद पडलं, ज्याची दिशा उलटली, जो आला नाही, त्याचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. ‘या वर्षी भाऊ आला नाही’ हे कुठल्या चंपूकाव्यात लिहिलेलं सापडणार?

मग हॉब्सबॉम लावू का?

या टप्प्यावर मी तेच केलं जे आपण सगळे करतो. १९८३ च्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’कडे धावले. प्रकरणात लिहून टाकलं की हिंजवडीतली आजची दिवाळी ही ‘निर्मित परंपरा’ आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वसुबारसेला कुणीतरी दोरीला धरून गाय-वासरू आणतो, फ्लॅटमधल्या बायका रांगेत उभ्या राहून पूजा करतात, फोटो काढतात. ऑफिसात पारंपरिक पोशाखाचा दिवस असतो. हे सगळं नवं आहे आणि जुन्याचा आव आणतं. झालं, शिक्का मारला.

मॅडमनी विचारलं, ‘प्रस्तावना वाचलीस का?’ मी गप्प.

ती वाचल्यावर समजलं की हॉब्सबॉम स्वतः दोन गोष्टी काळजीपूर्वक वेगळ्या करतो. त्याच्या लेखी परंपरेचं लक्षण आहे न बदलणं, किंवा न बदलल्याचा दावा. चालीरीत मात्र वेगळी. ती जुन्याचा आधार घेते आणि गरजेप्रमाणे हलते. त्याचं उदाहरण न्यायालयाचं आहे : न्यायाधीश जे काम करतात ती चालीरीत, त्यांचा टोप आणि झगा ही परंपरा. पुस्तकातली गाजलेली उदाहरणंही सार्वजनिक जीवनातली आहेत, उदाहरणार्थ ह्यू ट्रेव्हर-रोपर यांचा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या वेषावरचा लेख. राष्ट्र, राजघराणं, साम्राज्य यांना जुनेपणाची गरज असते, म्हणून ते घडवलं जातं.

पार्किंगमधल्या गायीला हे थोडंफार लागू पडेल. पण तिथेही घाई नको. ज्या बाईचं बालपण गोठा असलेल्या घरात गेलं आणि आता ती चौदाव्या मजल्यावर राहते, ती रांगेत उभी राहून काय करते आहे? आव आणते आहे की हातातून गेलेलं थोडं परत धरून बघते आहे? शिक्का मारला की हा प्रश्नच संपतो. माझी मुख्य तक्रार पुस्तकाबद्दल नाही, आपण ते ज्या रीतीने वापरतो त्याबद्दल आहे. ‘पूर्वापार’ आणि ‘निर्मित’ हे दोन्ही शब्द आपण एकाच कामासाठी वापरतो, चौकशी लवकर आटोपण्यासाठी.

मराठीत आपल्याकडे यापेक्षा चांगले शब्द आहेत. रीत, चाल, रूढी, प्रथा, शिरस्ता, वहिवाट. मी रेकॉर्डर चालू केला की लोक ‘परंपरा’ म्हणायचे. बंद केला की म्हणायचे, ‘आमच्याकडं असंच करतात.’ माझ्या वहीत ‘परंपरा’ हा शब्द सर्वांत जास्त वेळा कुणी उच्चारलाय ते मोजलं. मीच.

आत्याची भाऊबीज

आता मूळ वाक्याकडे येते. भाऊबीजेला बहीण माहेरी येते. मला आठवतं तेव्हापासून माझी आत्या दिवाळीत आमच्याकडे येते, बाबांना ओवाळते, बाबा ताटात जाड पाकीट ठेवतात, दुपारी जेवण, संध्याकाळी ती परत. तिचं सासर पौडच्या पुढं. यात संशोधन करण्यासारखं काय आहे? म्हणून मी तिला विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या घरांत प्रश्नावली घेऊन फिरत होते. प्रश्नावलीतला प्रश्न होता : ‘आपल्या कुटुंबात भाऊबीज कशी व का साजरी केली जाते?’ बहुतेक घरांत उत्तर एकच. यम आणि यमुना. बहीण येते. ओवाळते.

मॅडमच्या गोलानंतर मी पांडुरंग वामन काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पाचवा खंड उघडला. त्याचा पहिला भाग १९५८ चा, त्यात व्रतं आणि उत्सव आहेत. यमद्वितीयेबद्दल ग्रंथांनी दिलेली रीत अशी : यम यमुनेच्या घरी जेवला, म्हणून या दिवशी भावाने आपल्या घरी न जेवता बहिणीच्या हातचं जेवावं आणि तिला भेट द्यावी. म्हणजे जायचं भावाने! माझ्या वाक्याच्या नेमकं उलट.

मी आत्याला फोन लावला. या वेळी ‘का’ विचारलं नाही. विचारलं, ‘आत्या, तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला काय काय झालं ते सांग.’

ती म्हणाली, ‘दादा आला होता की. सायकलवर. घोटावड्यावरनं. फराळाचा डबा आन् साडी घेऊन. रात्री ऱ्हायला. दर वर्षीच यायचा.’

‘मग तू कधीपासून आमच्याकडे यायला लागलीस?’

ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘सही केली त्या वर्षापासनं.’

ही सही कसली हे हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमआयडीसीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क इथे सुरू झाला. शेतजमिनीचे भाव आम्ही कधी ऐकले नव्हते इतके चढले. जमीन विकायची किंवा बिल्डरला द्यायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या मालमत्तेची वारस झाली होती. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मजात हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. कागदावर बहिणींचा हक्क पक्का होत गेला, आणि त्याच काळात इथे तो सोडून देण्याचा कागदही ओळखीचा झाला. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात.

आत्याने सही केली २००६ च्या दिवाळीआधी. मी तेव्हा पहिलीत होते. म्हणून माझ्या आठवणीत ‘पूर्वापार’ बरोबर तिथून सुरू होतं.

आत्या सांगते ते असं : ‘त्या वर्षी दादा आलाच न्हाई. मी वाट बघितली. दुपार टळली. मला वाटलं, लाजला आसंल. आता तो यायचा न्हाई आन् मी बी जायची न्हाई, तर मग माहेर संपलंच. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच एसटीत बसले.’

त्याच आठवड्यात बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘तेव्हा नवीन घराचं काम चालू होतं, वेळच नव्हता. पुढं रस्त्याला एवढी गर्दी व्हायला लागली. आणि घर मोठं झालं, म्हटलं सगळे इथंच जमू. त्यात काय एवढं?’

दोन्ही म्हणणी वहीत शेजारी शेजारी लिहिलीत. आत्याचं खरं आणि बाबांचं खोटं असं लिहायचा मोह झाला होता. मग विचार केला, हे मी कशावरून ठरवणार? लाज हे कारण आत्याने भावाच्या वतीने दिलंय, बाबांनी ते उच्चारलेलं नाही. गर्दी हे कारण खरंही आहे, हिंजवडीचा रस्ता ज्याने पाहिलाय त्याला ते पटेल. पण २००६ च्या त्या एका दुपारी ते पुरेसं नाही. इतकंच मी म्हणू शकते. पुरावा जिथे थांबतो तिथे थांबायचं, हे मला गोड्यांच्या यादीने शिकवलं.

आणखी एक मोह काण्यांच्या पानामुळे झाला. ‘भावाने जाणं हीच खरी परंपरा, बहिणीने येणं हा ऱ्हास’ असं लिहिलं तर प्रकरण छान सजलं असतं. पण बाबा सायकल मारत जायचे ते धर्मशास्त्र वाचून नाही. त्यांचे वडील जायचे म्हणून जायचे. ग्रंथातली रीत आणि आमच्या घरातली जुनी रीत जुळली, यावरून ग्रंथाने रीत घडवली हे सिद्ध होत नाही. रीतीवरून ग्रंथ लिहिला गेला असंही असू शकतं.

हे सगळं कुठल्या पुस्तकात बसतं? गोड्यांच्या यादीत नाही, कारण याचा लेखी उल्लेख असलाच तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या दस्तात आहे, आणि त्यात दिवाळीचं नाव नाही. हॉब्सबॉमच्या ‘निर्मित परंपरे’तही नाही, कारण कुणी काही घडवायला बसलं नव्हतं. एका बाईने तुटू पाहणारं नातं टिकवायला एसटी पकडली, आणि तिच्या पुतणीने वीस वर्षांनी प्रबंधात त्याला परंपरा म्हटलं. यातला ‘परंपरा घडवण्याचा’ भाग कुणी केला असेल तर तो मी.

वर मी मराठी शब्द मोजले त्यात ‘वहिवाट’ होता. गंमत अशी की तोच शब्द जमिनीलाही वापरतात. कोण कसतं, कुठून वाट जाते, कुणाचा वापर चालत आलाय, ती वहिवाट. सणाचीही वहिवाट असते. कोण कुणाकडे जातं, कुणाच्या खर्चाने, कोण मागे थांबतं. ती बदलली की समजावं, घरात दुसरं काहीतरी बदललंय.

आता तुमच्यासाठी काही कामाचं

मी प्रश्नावली फेकून दिली नाही, पण बदलली. कुणाला उपयोग झाला तर पाहा.

‘का करता?’ हा प्रश्न शेवटी ढकला. त्याला छापील उत्तर मिळतं. सुरुवात ‘मागच्या वर्षी सकाळी उठल्यापासून काय झालं?’ इथून करा. नंतर ‘लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी?’ असा एक निश्चित जुना दिवस मागा. दोन दिवसांमधला फरक तुमचं प्रकरण लिहून देईल.

कोण आलं नाही, काय करायचं बंद झालं, हे मुद्दाम विचारा. लोक आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं तुम्हाला सण हवाय.

एकाच घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारा. जुळलं नाही तर घाबरू नका. न जुळणं हीसुद्धा माहितीच आहे.

आपल्या घराला ‘माहीत आहे’ म्हणून वगळू नका. पण तिथे परवानगी दुप्पट काळजीने घ्या. नाव बदलून काही होत नाही, गावात कुणाची आत्या कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी रक्कम, गट नंबर, आत्याचं गाव हे सगळं गाळलंय आणि हा मजकूर दोघांना वाचून दाखवलाय. बाबा ऐकून उठून गेले, पण ‘टाकू नको’ म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, ‘माझं म्हणणं पण लिहिलंयस ना? मग ठीक.’

आत्याने मात्र अट घातली. ती म्हणाली, ‘मी राजीखुशीनं सही केली असं लिहू नको. आन् जबरदस्तीनं केली असं बी लिहू नको.’ मी विचारलं, ‘मग काय लिहू?’ ती म्हणाली, ‘केली म्हणून लिही.’ कागद आला तर मला उद्या हीच सही करायची आहे, धाकटा भाऊ आहे मला. म्हणून हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं ठेवलंय, त्याचं विश्लेषण अजून जमलेलं नाही.

तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आता असं आहे : ‘आमच्या घरी २००६ पासून भाऊबीजेला बहीण माहेरी येते, त्याआधी भाऊ बहिणीकडे जात असे. या बदलाची दोघांनी दिलेली कारणे जुळत नाहीत.’

मॅडमनी या वेळी ‘आमच्या’भोवती गोल केलाय. समासात लिहिलंय, ‘आणखी किती घरं?’

या दिवाळीत तेच करायचंय. हिंजवडी आणि माणमधल्या, जमीन विकलेल्या आणि न विकलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या घरांत जाईन. पहिला प्रश्न ठरलाय : मागच्या भाऊबीजेला कोण कुणाकडे गेलं?